हौद आधी किती भरलाय? ताकदीचा व्यायाम आणि डब्यातल्या पावडरी

जिमचं शटर ओढायची वेळ झाली होती आणि एक मुलगा घुटमळत थांबला होता. वय १९, वजन ६२ किलो, घर शाकाहारी. आठ महिने एकही खाडा न करता येतोय, स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारायची बैठक, ७० किलोपर्यंत आणलाय. त्याने फोन पुढे केला. दुकानदाराने पाठवलेल्या यादीत सहा डबे होते: व्हे प्रोटीन, मास गेनर, क्रिएटिन, बीसीएए, प्री-वर्कआउट आणि एक ‘टेस्टो बूस्टर’. “सर, महिन्याला तीन हजार बाजूला काढू शकतो. यातलं काय घेऊ?”

घरात कमावणारे एकटे वडील. ते तीन हजार कुठून येणार, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, “आठवडाभर दिवसातून काय काय खातोस ते वहीत लिही. वाटी, पोळी, पेला, सगळं मोजून. मग बोलू.” पुढच्या चार-पाच संध्याकाळी आम्ही जे बोललो, तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं.

आमचं गाव कराड. इथून जवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यामुळे ताकदीच्या गप्पा इथे तालमीच्या भाषेत चालतात आणि त्या भाषेत ‘खुराक’ हा फार नेमका शब्द आहे. वस्ताद पोराला आधी मेहनत विचारतो. जोर किती, बैठका किती, लढती किती. खुराकाची चौकशी त्याच्यानंतर. हा क्रम कुणी पुस्तकातून आणलेला नाही, पण शरीराचं काम अगदी याच क्रमाने चालतं.

जड वजन उचललं की स्नायूवर ताण येतो आणि तो ताण म्हणजे शरीराला दिलेला हुकूम असतो: इथे जास्त ताकद लागणार आहे, तयारी करा. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था शिकते म्हणून. तेच स्नायू, पण त्यातले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लागतात. पुढे स्नायू स्वतः जाड होऊ लागतो. हुकूम देणं हे फक्त वजनाचं काम. डब्यातली कुठलीही पावडर तो हुकूम देत नाही. हुकूम पाळायला जे सामान लागतं, त्यात काही कमी पडत असेल तर ते पुरवणं, एवढंच तिच्या हातात असतं.

म्हणून कुठलाही डबा हातात घेतला की एकच प्रश्न विचारायचा: हा शरीरातला कुठला हौद भरतो, आणि माझा तो हौद आज किती भरलेला आहे? काठोकाठ भरलेल्या हौदात पाणी ओतलं तर ते वाहून जातं.

सगळ्यात आधी क्रिएटिन घेऊ, कारण हौदाचा हिशोब तिथे अगदी स्वच्छ दिसतो.

स्नायू आकसायला ऊर्जा लागते ती एटीपी नावाच्या रेणूची. हा एटीपी म्हणजे हातातला तांब्या. पाणी लगेच मिळतं, पण तांब्या एवढासा; जोर लावला की दोन-तीन सेकंदांत रिता. ग्लायकोजेन (अंगात साठवलेली साखर) आणि चरबी म्हणजे शेतातली विहीर. तिथे पाणी भरपूर, पण मोटर चालू होऊन पाणी यायला वेळ लागतो. या दोघांच्या मधे, दाराशी, एक हौद असतो: फॉस्फोक्रिएटिन. तांब्या रिकामा झाला की या हौदात बुडवून लगेच भरता येतो. जास्तीत जास्त जोराच्या कामात हा हौद साधारण दहा सेकंद पुरतो. पाच रेप्सच्या जड सेटला, म्हणजे जड वजन सलग पाच वेळा उचलायला, किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, म्हणजे ताकदीच्या व्यायामात या हौदाचं महत्त्व ध्यानात येईल. दोन सेटमधे तीन ते पाच मिनिटं बसा असं आम्ही का सांगतो, त्याचंही उत्तर इथेच आहे. रिकामा हौद जवळजवळ पूर्ण भरायला तेवढा वेळ लागतो.

हा हौद सापडला १९२७ साली आणि शोधणाऱ्या दोघांपैकी एक आपला माणूस होता. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. हार्वर्डमधे सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करताना त्यांनी स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन ओळखलं. त्याच सुमारास लंडनमधे एगल्टन दांपत्याच्याही हाती ते लागलं. दोन वर्षांनी, १९२९ मधे, फिस्क आणि सुब्बाराव यांनी एटीपीही वेगळा काढला. जिमच्या भिंतीवर परदेशी शरीरसौष्ठवपटूंची पोस्टर्स असतात. सुब्बारावांचा एक फोटो तिथे असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. क्रिएटिन हा पदार्थ मात्र त्याहून कितीतरी जुना. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ मधे तो मांसाच्या अर्कातून काढला आणि मांसाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव ठेवलं.

हे नावच शाकाहारी माणसासाठी कळीचं आहे. ७० किलोच्या माणसाच्या अंगात साधारण १२० ग्रॅम क्रिएटिन असतं, त्यातलं ९५ टक्के स्नायूंत. रोज त्यातलं सुमारे दोन ग्रॅम झिजून लघवीवाटे जातं. एक ग्रॅमच्या आसपास शरीर स्वतः तयार करतं. उरलेलं अन्नातून यायला हवं आणि ते येतं मटण, चिकन, मासळीतून; किलोभर कच्च्या मांसात चार-पाच ग्रॅम. दुधात अगदी नावापुरतं आणि डाळ, भाजी, भाकरीत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे शाकाहारी माणसाचा हौद कोरडा नसतो, पण त्याची पातळी खाली असते. कॅनडात २००३ साली शाकाहारी आणि मांसाहारी अशा दोघांनाही आठ आठवडे क्रिएटिन आणि व्यायाम देऊन पाहिलं. शाकाहारी मंडळींच्या अंगावर जास्त वजन चढलं, आणि ते चरबीचं नव्हतं. आमचा हा मुलगा आयुष्यात कधी मटणाला शिवलेला नाही. सहा डब्यांच्या यादीत त्याच्यासाठी कामाचा पहिला डबा हा होता. दुकानदाराने तो तिसऱ्या नंबरवर टाकला होता.

किती फरक पडतो? २००३ मधेच २२ प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला गेला. नुसता व्यायाम करणाऱ्यांची ताकद सरासरी १२ टक्के वाढली, व्यायामाबरोबर क्रिएटिन घेणाऱ्यांची २० टक्के. हे आकडे नीट वाचा. त्या २० मधले १२ व्यायामाचे आहेत. क्रिएटिनचे आठ. आणि ते आठही आपोआप आलेले नाहीत. हौद मोठा झाला की सेटमधे सातच्या जागी आठ रेप्स होतात, पुढच्या सेटला दम कमी पडत नाही, आठवड्याला जास्त काम होतं, आणि त्या जास्तीच्या कामाने ताकद वाढते. डबा घेऊन घरी बसलेल्याला यातलं काहीच मिळत नाही.

कसं घ्यायचं, हे सरळ आहे. १९९२ मधे पहिल्यांदा हे मोजलं गेलं तेव्हा दिवसाला २० ग्रॅम वगैरे मोठे डोस दिले होते, आणि पाच-सात दिवस तसं ‘लोडिंग’ करायची पद्धत तिथूनच पडली. नंतर कळलं की रोज फक्त तीन ग्रॅम घेतलं तरी चार आठवड्यांत हौद तेवढाच भरतो. पोटही कुरकुरत नाही आणि पैसेही वाचतात. हौदाला वरची कड आहे, १२० चे साधारण १६० ग्रॅम. त्यापुढे कितीही ओता, लघवीत जातं. साधं मोनोहायड्रेट घ्यायचं. एचसीएल, एथिल एस्टर, ‘बफर्ड’ ही महागडी भावंडं त्याच्यापेक्षा सरस असल्याचं दिसलेलं नाही. सकाळी की संध्याकाळी, याला महत्त्व नाही. रोज घेण्याला आहे. पहिल्या काही आठवड्यांत काट्यावर किलो-दीड किलो वाढ दिसेल. ते स्नायूत शिरलेलं पाणी असतं, घाबरू नये आणि त्याला स्नायू समजून हुरळूनही जाऊ नये.

किडनीची भीती मात्र घराघरात आहे आणि तिच्यामागे एक खरी गोष्ट आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आमच्याकडच्या एका मुलाने नोकरीसाठी रक्त तपासलं. क्रिएटिनिन १.४ आलं, रिपोर्टवर ते ठळक छापलेलं. तपासणाऱ्याने “किडनीवर ताण आहे, जिम बंद” असं सांगून टाकलं. आईने दोन दिवस जेवण सोडलं. मुलगा माझ्याकडे आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, “क्रिएटिन घेतोस हे सांगितलंस का?” नव्हतं सांगितलं. क्रिएटिन झिजून जे बनतं तेच क्रिएटिनिन. किडनी ते बाहेर टाकते, म्हणून रक्तात ते साचलं तर किडनी मंद झाल्याचा अंदाज बांधतात. पण ज्याच्या अंगात स्नायू जास्त, किंवा जो रोज क्रिएटिन घेतो, त्याच्या अंगात ते तयारच जास्त होतं. नाला तुंबलेला नसून पाऊस जास्त पडलेला असू शकतो. सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी स्नायूंवर अवलंबून नसते. ती केली, ती नॉर्मल आली, आणि घरात जेवण शिजलं. निरोगी माणसात सांगितलेल्या मात्रेत क्रिएटिनने किडनी बिघडल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्यांना आधीच किडनीचा त्रास आहे, किंवा ज्यांच्या औषधांचा किडनीशी संबंध आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि रक्त तपासायला जाताना आपण काय घेतो ते सगळ्यांनीच आधी सांगावं.

केस गळण्याचंही विचारतात. ती भीती आली २००९ मधे दक्षिण आफ्रिकेतल्या २० रग्बीपटूंवर केलेल्या तीन आठवड्यांच्या एका प्रयोगातून. त्यात डीएचटी हे संप्रेरक वाढलेलं दिसलं. केस मात्र त्यांनी मोजलेच नव्हते.

आता प्रोटीन. इथे हौदाचा प्रश्न जास्त घरगुती होतो, कारण उत्तर आपल्या ताटात असतं.

मुलगा वही घेऊन आला. सकाळी चहा-पोहे. दुपारी तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, थोडा भात. संध्याकाळी चहा-बिस्किटं. रात्री दोन ज्वारीच्या भाकरी, मटकीची उसळ, भात, आणि झोपताना पेलाभर दूध. भलं जेवण आहे, आईने प्रेमाने वाढलेलं. आम्ही शेजारी आकडे लिहिले. बेरीज झाली ५५ ग्रॅमच्या आसपास. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी निरोगी प्रौढासाठी सांगितलेलं प्रमाण आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम, ६२ किलोला ५१ ग्रॅम. म्हणजे साध्या जगण्यासाठी त्याला पुरेसं मिळत होतं. पण तो आठवड्याला चार दिवस स्नायूंना वाढीचा हुकूम देतोय. त्याचं गणित वेगळं.

ते गणित २०१८ मधे चांगलं मांडलं गेलं. ४९ प्रयोग, १,८६३ माणसं. व्यायाम करणाऱ्यांना जास्तीचं प्रोटीन दिलं तर एका रेपचं जास्तीत जास्त वजन सरासरी अडीच किलोंनी जास्त वाढलं. ऐकायला बरं वाटतं, पण त्याच प्रयोगांत व्यायामाने झालेली वाढ होती सरासरी २७ किलो. प्रोटीनचा वाटा साधारण नऊ टक्के. दुसरी गोष्ट अशी दिसली की दिवसाचं एकूण प्रोटीन किलोमागे १.६ ग्रॅमला पोचलं की त्यापुढच्या प्रोटीनने स्नायू आणखी वाढत नाहीत. हौदाची कड इथे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतही १.६ चा हाच आकडा आहे आणि पावडरींपासून दूर राहा असा सल्लाही.

मुलाचं लक्ष्य म्हणजे ९९ ग्रॅम. ताटात ५५. तूट ४४ ची. ही तूट कशाने भरली हे स्नायूला कळत नाही. मूठ-दोन मुठी, म्हणजे ५० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे: १२ ग्रॅम. ३० ग्रॅम कोरडे सोयाचे वडे भाजीत: १५. दुपारच्या जेवणात मोठी वाटी घट्ट दही: सहा-सात. दुधाचा आणखी एक पेला: सहा. झाले ४० च्या आसपास, आणि वरणाची वाटी जरा मोठी केली की उरलेलंही भरतं. अंडं चालणाऱ्या घरात हेच काम आणखी सोपं; एका अंड्यात सहा ग्रॅम.

मग व्हे पावडर वाईट का? अजिबात नाही, ते दूधच आहे. दूध नासलं की पातेल्यात जे हिरवट-पिवळट पाणी सुटतं, त्या पाण्यातलं प्रोटीन. दुधातल्या प्रोटीनचा ८० टक्के भाग केसीन, तो चोथ्यात राहतो. २० टक्के व्हे. चीजच्या कारखान्यांत हे पाणी टँकरच्या टँकर निघतं, एके काळी ते डुकरांना घालत किंवा ओढ्यात सोडत. आता ते गाळून, सुकवून डब्यात भरतात. ते लवकर पचतं आणि त्यात ल्युसिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. अमिनो आम्लं म्हणजे प्रोटीनच्या विटा. स्नायू बांधायला सुरुवात करा, ही खूण शरीराला ल्युसिनमुळे मिळते. एका स्कूपमधे २४ ग्रॅमपर्यंत प्रोटीन. होस्टेलवर राहणाऱ्या, मेसच्या पातळ वरणावर दिवस काढणाऱ्या मुलीला किंवा दिवसभर बाइकवर फिरणाऱ्या माणसाला हा स्कूप सोयीचा आहे, आणि सोय हीसुद्धा खरी गरज असते. फक्त त्याला औषध समजू नका, ते वाळवलेलं अन्न आहे. व्यायामानंतर अर्ध्या तासात घेतलं नाही तर सगळं वाया गेलं, हेही खरं नाही. दिवसाची बेरीज महत्त्वाची.

बीसीएएचं मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. स्नायू बांधायला बाहेरून यावी लागणारी नऊ अमिनो आम्लं लागतात आणि त्या डब्यात तीनच असतात; वरण-भात, दही, उसळीत ती तीन तर असतातच, उरलेली सहाही असतात. मास गेनर म्हणजे बहुतांश साखरेसारखं माल्टोडेक्स्ट्रिन आणि थोडं प्रोटीन. वजन वाढवायचंय तर केळी, दूध, तूप लावलेली एक पोळी जास्त.

प्री-वर्कआउटवर मात्र थोडं बोलायला हवं, कारण त्यातलं एक काम करतं आणि त्याच्याच आडून बाकीचं विकलं जातं. काम करतं ते कॅफिन. दिवसभर मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि थकवा जाणवतो. कॅफिन त्या अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, जाणवत नाही. व्यायामाच्या तासभर आधी किलोमागे तीन ते सहा मिलिग्रॅम घेतलं तर बार जरा वेगाने वर जातो, जास्तीत जास्त वजनातही थोडी वाढ दिसते. ती वाढ त्या दिवसापुरती. कॅफिन कुठलाच हौद भरत नाही, उद्याची ताकद आज खर्च करायला मदत करतं एवढंच. आमची मुलं येतात संध्याकाळी साडेसातला. कॅफिन रक्तात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. सातला २०० मिलिग्रॅम घेतलं तर रात्री बाराला अंगात १०० आहेत, म्हणजे अंथरुणावर पडताना दोन-अडीच कप चहा प्यायल्यासारखं. झोप गेली, आणि स्नायू तर झोपेत भरून येतो. सकाळच्या बॅचला, स्पर्धेच्या दिवशी ठीक आहे. रोज संध्याकाळी मी तरी नको म्हणतो. रक्तदाब किंवा छातीत धडधड असणाऱ्यांनी तर नकोच. आणि कोरडी पावडर तोंडात टाकून वर पाणी पिण्याचे व्हिडिओ बघून कुणी तसं करू नये. ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि एवढं कॅफिन एकदम रक्तात उतरतं.

तोंडाला, कानाला मुंग्या येतात त्या बीटा-अ‍ॅलानिनमुळे. पोरं म्हणतात, “सर, चढलं!” त्या मुंग्यांचा ताकदीशी काही संबंध नाही. बीटा-अ‍ॅलानिन रोज तीन ते सहा ग्रॅम, चारेक आठवडे घेतलं तर स्नायूतली आम्लता आवरणारं कार्नोसिन वाढतं आणि एक ते चार मिनिटांच्या दमछाकीच्या कामात थोडा फायदा होतो. कुस्तीपटू, ४०० किंवा ८०० मीटर धावणारे यांना उपयोगी पडू शकतं. पाच रेप्सच्या स्क्वॉटला नाही.

राहिला टेस्टो बूस्टर. डब्यावर सिंह होता. मागे बारीक अक्षरात मुख्य घटक: ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. मुलाला विचारलं, “हे काय माहितेय? आपलं गोखरू. माळावर अनवाणी चाललं की टाचेत रुततो तो काटा.” आयुर्वेदात त्याचे वेगळे उपयोग सांगितले आहेत, त्याबद्दल इथे वाद नाही. ताकदीपुरतं बोलायचं तर ऑस्ट्रेलियातल्या वरच्या दर्जाच्या रग्बी लीग खेळाडूंना पाच आठवडे रोज ४५० मिलिग्रॅम देऊन २००७ मधे तपासलं. ताकदीत, स्नायूत, संप्रेरकांत काही फरक नाही. अश्वगंधेची गोष्ट निराळी आहे. भारतात २०१५ मधे ५७ तरुणांवर आठ आठवड्यांचा प्रयोग झाला, दिवसातून दोनदा ३०० मिलिग्रॅम अर्क. बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून छातीवरून ढकललेलं वजन) अश्वगंधा घेणाऱ्यांचा सरासरी ४६ किलोंनी वाढला, बाकीच्यांचा २६ किलोंनी. आकडा फारच मोठा आहे. पण ती सगळी मुलं व्यायामाला नवखी होती आणि नवख्याच्या अंगावर काहीही पटकन दिसतं. शिवाय अश्वगंधेने यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी केल्या आहेत. १९ वर्षांच्या मुलाला मी ती सुचवणार नाही.

मुलींबद्दल या गप्पांत कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. आमच्याकडे येणाऱ्या मुली दमतात तेव्हा त्यांना प्री-वर्कआउट सुचवलं जातं. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं. स्नायूला प्राणवायूच कमी पोचत असेल तर रिकामा हौद तो आहे. आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. डी जीवनसत्त्वाचंही तसंच: कमी असेल तर भरल्याने फरक पडतो, पुरेसं असेल तर जास्तीने ताकद येत नाही.

डब्यात जे लिहिलंय ते आत असतं का, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण इथे मुलं फसतात. प्रोटीन मोजायची जुनी पद्धत आहे डॅनिश रसायनशास्त्रज्ञ केल्डाल यांची, १८८३ सालची. ती प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणते. प्रोटीनमधे सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून हा गुणाकार. आता ग्लायसिन नावाचं एक स्वस्त अमिनो आम्ल घ्या. त्यात नायट्रोजन जवळजवळ १९ टक्के. ते व्हेमधे मिसळलं तर यंत्राला ते प्रोटीनच वाटतं, आणि तेही जास्तीचं. डब्यावर २४ ग्रॅम छापता येतं. स्नायूच्या कामाचं आत बरंच कमी. चीनमधे २००८ साली दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन घातलं गेलं त्यामागे हीच युक्ती होती. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी २०२४ मधे प्रसिद्ध झाली, त्यात २५ डब्यांवर छापलेलं आणि आतलं जुळत नव्हतं.

मी स्वतः एकदा असा डबा आणलाय. सवलतीत मिळाला, सील नीट, होलोग्राम चमकदार. पाण्यात ढवळला तर फेस न येता तळाशी पिठासारखा गाळ बसला आणि चव गुळचट. विकणाऱ्याने हात वर केले. तेव्हापासून मी मागची बाजू आधी वाचतो. घटकांच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन वेगळं लिहिलंय का? अमिनो आम्लांच्या तक्त्यात ल्युसिन किती? २४ ग्रॅम खऱ्या व्हेमधे ते अडीच ग्रॅमच्या आसपास असायला हवं. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असं लिहून प्रमाण लपवलंय का? एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा १४ आकडी परवाना आहे का? सुटी पावडर तर नकोच, कुणी कितीही ओळखीचा असला तरी.

आणि जी मुलं आखाड्यात उतरतात, राज्याच्या निवड चाचणीला जातात, त्यांना मी दरडावून सांगतो. जर्मनीतल्या कोलोनच्या प्रयोगशाळेने १३ देशांतून ६३४ सप्लिमेंट विकत घेऊन तपासले होते. त्यातल्या ९४ मधे लेबलवर न लिहिलेली स्टिरॉइड्स किंवा त्यांच्याजवळची संप्रेरकं सापडली. डोपिंगच्या नियमांत तुमच्या अंगात सापडलं की जबाबदारी तुमची. दुकानदाराचं बिल दाखवून निर्दोष सुटत नाही. आठ वर्षांची लाल माती एका शेकरभर पावडरीपायी जाऊ शकते.

त्या मुलाचा हिशोब असा ठरला. यादीतले पाच डबे खोडले. साध्या क्रिएटिन मोनोहायड्रेटचा २५० ग्रॅमचा एक डबा, रोज तीन ग्रॅम. ८३ दिवस पुरेल. उरलेल्या पैशांतून दूध, दही, शेंगदाणे, सोया. आईला सोयाचे वडे आवडत नाहीत म्हणाला, तर मी म्हटलं भिजवून, पिळून, बारीक करून थालीपिठाच्या पिठात घालायला सांग. रात्री अकराला फोन बाजूला. वहीच्या नव्या पानावर त्याने तारीख घातली, खाली लिहिलं: वजन ६२, स्क्वॉट ७०, बेंच ४५, ताटातलं प्रोटीन ५५. शेजारचा रकाना मोकळा ठेवलाय. डबा संपेल त्या आठवड्यात तो भरायचा आहे.